‘फक्त एकदा बघून द्या’चे किती पैसे घ्यायचे?

पानोपानी | ४ जुलै, रात्री ११:२०

नारायण पेठेत राहत्या घरातच माझं अक्षरजुळणीचं काम चालतं, १९९६ पासून. सुरुवातीला पेजमेकर, एक लेझर प्रिंटर आणि डोक्यावर कर्ज. बटर पेपरवर उलटी प्रिंट काढायची, गुंडाळी करून लूनावरून प्रेसमध्ये न्यायची, तिथे पेस्टिंगवाले काका काचेच्या टेबलावर पानं लावायचे. मग फिल्म आली, मग सीटीपी म्हणजे संगणकावरून थेट प्लेट, आणि आता तर प्रेसची पायरीही चढावी लागत नाही, पीडीएफ पाठवली की झालं. दर वेळी नवीन शिकले आणि काम टिकलं. यंदा मात्र हिशेब जुळत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

पूर्वी पानाचा एकच दर असायचा. टाइपिंग, मांडणी, दोन प्रुफांच्या दुरुस्त्या, सगळं त्यात. आता टाइपिंग जवळपास संपलं. लेखक फोनवर बोलून मजकूर तयार करतात, जुनी पुस्तकं स्कॅन करून ओसीआर करतात, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून यंत्र मजकूर काढतं. त्याचं मला वाईट वाटत नाही, माझी मनगटं सुटली. पण पाठोपाठ मांडणीही घरीच व्हायला लागली. कुणाचा तरी भाचा वर्डमध्ये पानं लावतो, मुखपृष्ठ एआयकडून येतं आणि पीडीएफ माझ्याकडे येते: “ताई, सगळं तयार आहे. फक्त एकदा बघून द्या.”

मागच्या आठवड्यात असंच १७६ पानांचं एक आत्मकथन आलं. सोळा-सोळा पानांचे अकरा फर्मे नेमके बसलेले, त्यामुळे वाटलं, कुणीतरी विचार करून लावलंय. उघडलं तर विषम पानं डावीकडे. मुखपृष्ठाला ब्लीड, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला रंग, नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले. मजकुराचा काळा रंग चारही प्लेटांवर. आणि पुस्तकभर ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘सार्या’. हे सगळं एक वेळ यंत्रालाही सापडेल. पण एका पानावर वाक्य होतं, ‘आई त्यानंतर शेवटची बाहेर गेली.’ पुढच्या ओळीत मामाचं अंगण आणि फणसाचं झाड. म्हणजे तिथे ‘माहेरी गेली’ हवं होतं. फोनला ऐकू आलं ‘बाहेर’. शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध, आणि त्या माणसाची आई चुकीच्या ठिकाणी गेलेली.

सहा तास बसले. तीन पानी यादी दिली. पाचशे रुपये मिळाले, “बघायचंच तर होतं ना” असं म्हणून. गृहस्थ वाईट नाहीत, यादी वाचून त्यांनी सगळ्या दुरुस्त्या करून घेतल्या, ‘माहेरी’ वाचल्यावर फोनवर गप्पच झाले. पण सहा तासांचे पाचशे या दराने मी घर चालवू शकत नाही.

या बघण्याचा दर तुम्ही कसा लावता? पानावर, तासावर, की ठोक? आणि अजून एक. माझ्याकडे जुन्या फॉन्टांतल्या नऊशेच्या आसपास पुस्तकांच्या फाइली आहेत. त्या उघडणारा एकच एक्सपी संगणक उरलाय, त्याला मागे प्रिंटर पोर्टमध्ये डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली. तो बंद पडायच्या आत काय करावं?

प्लेटरूम | ५ जुलै, सकाळी ७:०५

ताई, कोल्हापूर. सतरा वर्षं सीटीपीवर आहे. तुम्ही जे बघता ते आम्ही बघत नाही, हे आधी सगळ्यांना कळू द्या. लोकांना वाटतं, प्रेसवाले काहीतरी तपासतच असतील. आमच्याकडं फाइल आली की रिपला जाते, म्हणजे प्लेटसाठी तिचे ठिपके बनतात, आणि प्लेट निघते. रात्री चाळीस-पन्नास प्लेटा काढायच्या असतात. आत काय लिहिलंय ते वाचायला माणूस ठेवलेला नाही.

चार रंगांतल्या काळ्याचं सांगतो, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. वर्डमधला काळा म्हणजे आरजीबीचा, पडद्यावरच्या तीन रंगांचा काळा. त्याचं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, करताना सॉफ्टवेअरची नेहमीची सेटिंग असेल तर आकडे येतात साधारण सायन ७५, मजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९०. बेरीज तीनशे टक्के शाई, तीही दहा पॉइंटाच्या अक्षराला. एक प्लेट पुरली असती तिथं चार प्लेटा. मशीनवर रजिस्टर, म्हणजे चारही रंगांचं एकमेकांवर बसणं, केसाएवढं हललं की शिरोरेषेखाली गुलाबी कड दिसते. इंग्रजीत एक वेळ खपून जातं, आपल्या लिपीत सलग आडवी रेघ, त्यामुळं पानभर दिसतं.

एका शाळेच्या शताब्दीची स्मरणिका अशीच आली होती. पहिला फर्मा छापून झाल्यावर मशीनमननं बोलावलं. सगळी पानं गुलाबी झाक मारत होती. कागद वाया, प्लेटा वाया. मग पैसे कुणी द्यायचे यावर चार दिवस बैठका. शाळा म्हणते डिझायनरनं, डिझायनर म्हणतो प्रेसनं. कोणत्याच बिलात ‘तपासणी’ ही ओळ नव्हती. म्हणून सांगतो, तुम्ही ती ओळ बिलात घाला. पाचशे काय घेता!

रानवारा | ५ जुलै, सकाळी १०:४०

मी उलट बाजूने लिहितो, राग मानू नका. माझं संभाजीनगरात दुकान होतं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पत्रिका थांबल्या त्या पुन्हा तेवढ्या आल्याच नाहीत, लोकांना मोबाइलवरच्या पत्रिकेची सवय लागली. २०२१ मध्ये दुकान आवरलं. आज एका रुग्णालयात नोंदी विभागात आहे, महिन्याच्या महिन्याला पगार येतो.

ताईंनी दर दुप्पट केला तरी मागणी वाढणार नाही. मराठी नीट लिहिणारी यंत्रं दर सहा महिन्यांनी सुधारताहेत. ‘बाहेर’ आणि ‘माहेर’ आज त्यांना कळत नसेल, उद्या कळेल. पन्नाशीत दुसरं काही शिकायचं तर ते आत्ताच शिका, हातात चार पैसे असताना. मी दोन वर्षं उशीर केला आणि ती दोन वर्षं फार महागात पडली.

पानोपानी | ५ जुलै, दुपारी १:१५

रानवारा, राग कशाचा? खरं लिहिलंत. पत्रिकांचं काम माझंही गेलं. माझं वर्ष आता पतसंस्थांच्या अहवालांवर उभं आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टपासून ताळेबंदांची रांग, त्यातच दिवाळी अंक. उरलेले महिने पुस्तकं. यंत्राला उद्या ‘माहेर’ कळेल हेही मान्य, मी स्वतः चुका शोधायला ते वापरते. पण ते वीस ठिकाणी बोट ठेवतं, त्यातल्या पाच खऱ्या चुका असतात आणि दोन ठिकाणी लेखकाची बोली. मालवणीतला संवाद ‘सुधारून’ प्रमाण मराठीत आणलेला मी पाहिलाय. कुठली सूचना घ्यायची आणि कुठली नाही, हे ठरवून त्याखाली नाव कोण घालणार?

मांडवी | ५ जुलै, संध्याकाळी ६:३०

म्हापशाहून. आमच्याकडे मराठी आणि देवनागरी कोकणी अशी दोन्ही कामं येतात. पानोपानी ताई म्हणतात तसंच, पण कोकणीत जास्तच. ‘म्हजें घर’ मधला अनुस्वार यंत्राला चूक वाटतो. तो गेला की व्याकरणच गेलं, नपुंसकलिंगाची खूण ती. एकदा तर पूर्ण परिच्छेद मराठी होऊन आला आणि कवीला ते छापून झाल्यावर कळलं असतं.

मी तासावर घेते, आणि पहिली दहा पानं तपासून मगच आकडा सांगते. दहा पानांवरून फाइलचा स्वभाव कळतो. कुणी “अंदाज सांगा” म्हटलं तर आधी दहा पानं पाठवा म्हणते. न पाठवणारे गिऱ्हाईक पैसेही देत नाहीत, हा माझा अनुभव.

अनुस्वार | ५ जुलै, रात्री ९:५५

मी बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आवडीने फॉन्टांचं काम करतो. ‘दुसर्या’ का होतं ते लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी ताईंचा एक तास वाचेल.

‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या सामाईक अक्षरपद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पण काही संकेतस्थळं आणि काही सॉफ्टवेअर ते न दिसणारं चिन्ह काढून टाकतात, आणि मग उरतो रफार: ‘दुसर्या’. यंत्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द, त्यामुळे शोधाशोधीतही अर्धेच सापडतात. फाइल हातात आल्याबरोबर सगळे ‘ऱ’च्या पद्धतीत आणा. पण ‘र्य’ सरसकट बदलू नका, नाहीतर ‘सूर्य’, ‘कार्य’ आणि ‘आश्चर्य’ बिघडतील. मी शब्दांची यादी करून बदलतो.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड रेडी कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिप्या जुळवणारी सोय, लावलाय का ते बघा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी निवडली आणि फॉन्टात सोय असली तर आपला ‘ल’ मिळतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं आणि लिपीचं प्रमाण रूप ठरवलं, त्यात हीच वळणं आहेत. एक टाइपच्या मुक्ता, बालू यांसारखे चांगले फॉन्ट आज फुकट मिळतात, आणि इनडिझाइनची महिन्याची वर्गणी परवडत नसेल तर फुकटचं स्क्रायबस १.६ जोडाक्षरं नीट जुळवतं. पानं फार असतील आणि हात तयार असेल तर झीलाटेक, तिथे पानं आज्ञा लिहून लावतात.

आता एक्सपीबद्दल. प्रिंटर पोर्टचा डोंगल आभासी संगणकात (नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या जुन्यात) सहसा चालत नाही, त्यामुळे तो मार्ग धरू नका. संगणक चालू आहे तोवर प्रत्येक पुस्तकाची फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवा, ते तुमचं छायाचित्र. मग मजकूर वेगळा काढा आणि युनिकोडमध्ये बदला. पीडीएफमधून नुसता मजकूर उचलला तर कचरा येईल, कारण जुन्या फॉन्टात अक्षर म्हणजे इंग्रजी कळीवर बसवलेलं चित्र. श्रीलिपीच्या फाइलीत ‘म’च्या जागी अंडरस्कोअर सापडतो. आणि तुमच्याकडे पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट असतील तर इनडिझाइनवाल्या अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांचा आधार काढलाय, त्या फाइली आधी घ्या.

जुनाखिळा | ६ जुलै, सकाळी ६:१०

माझे वडील गिरगावात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारे, होते. मी त्यांच्या शेजारी उभा राहून डबा वाहिला आहे, पुढे स्वतः मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालो. दराच्या प्रश्नावर थोडे सांगतो.

खिळ्यांच्या काळात एका पानावर किती हात फिरत असत, पाहा. जुळारी जुळवी. गॅलीचे, म्हणजे पाने पाडण्याआधीच्या सलग मजकुराचे, प्रूफ निघे, ते मुद्रितशोधक वाची आणि त्याचा सोबती मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवी. दुरुस्त्या होऊन पाने बांधली जात, दुसरे प्रूफ लेखकाकडे जाई. लेखक कोपऱ्यात ‘छापावे’ असे लिहून सही करी. त्यानंतरही फर्मा यंत्रावर चढला की मशीन प्रूफ निघे, आणि ते पाहणारा माणूस निराळा असे. वडील म्हणत, मशीन प्रूफ पाहणाऱ्याने जेवून येऊ नये, डोळा जड होतो. या प्रत्येक माणसाला वेगळा पगार होता.

डीटीपी आले तेव्हा ही सगळी कामे एका टेबलावर आली आणि एका दरात बसली. ‘पानाला इतके’. त्या दरात टाइपिंग दिसत होते, कारण बोटे हलताना दिसतात. बाकीचे चार पगार त्याच आकड्यात मुकाट्याने मिसळून गेले. आता टाइपिंग गेले तर गिऱ्हाइकाला वाटते की दरच गेला. पानोपानी, तुम्ही जे करता त्याला नाव आहे. बिलावर ‘मशीन प्रूफ वाचन’ असे लिहा. आणि गिऱ्हाइकाकडून ‘छापावे’ अशी सही घेतल्याशिवाय फाइल सोडू नका.

मोहर | ६ जुलै, दुपारी १२:०५

प्रकाशकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. नाशिकमध्ये छोटं प्रकाशन चालवते, वर्षाला आठ-दहा पुस्तकं. मी स्वतः असं “बघून द्या” म्हटलेलं आहे.

हजाराची आवृत्ती काढायचे तेव्हा मांडणी आणि तपासणीचे बारा हजार म्हणजे प्रतीमागे बारा रुपये. आता तीनशेची आवृत्ती काढते, कधी पन्नास प्रती डिजिटलवर. तीनशेवर तेच बारा हजार प्रतीमागे चाळीस रुपये होतात. किंमत तेवढी वाढवली तर वाचक पुस्तक खाली ठेवतो, मी प्रदर्शनात डोळ्यांनी बघितलंय. म्हणून कात्री पहिल्यांदा तिथे लागते जिथे मला काही दिसत नाही. कागद दिसतो, बांधणी दिसते. तपासणी झाली की पुस्तकात काहीच दिसत नाही, आणि तेच तर तिचं काम.

पण जुनाखिळांचं वाचून मला एक नक्की सांगावंसं वाटतं. मला ठोक आकडा आला तर मी घासाघीस करते. ‘रंग आणि ब्लीड तपासणी इतके, अक्षरबिघाड इतके, अर्थ लावून वाचन इतके’ असं वेगळं आलं तर मी निवडते. कवितासंग्रहाला तिन्ही घेईन. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाला पहिली दोन आणि आकड्यांचं वाचन. ताई, तुम्ही आम्हाला निवडायला द्या, आम्ही पैसे देऊ.

हिशेबनीस | ६ जुलै, रात्री ८:२०

ठाण्यात कर सल्लागार आहे. दर काहीही ठरवा, वसुलीचं बघा. पानोपानी, उद्यम नोंदणी केली आहे का? फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, सेवा देणाऱ्यांनाही चालते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चमध्ये प्रकाशकांचे फोन यायला लागतात ते यामुळेच.

बिलावर उद्यम क्रमांक छापा. लेखक स्वतःच्या खिशातून पुस्तक काढत असेल तर ही आयकराची तरतूद त्याला टोचत नाही, तिथे अर्धे पैसे आधी घ्या.

पानोपानी | २१ जुलै, रात्री १०:४५

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही, कारण बसून करत होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

दरपत्रक केलं. तीन ओळी, मोहर म्हणाल्या तशा. पहिली छपाईयोग्यता: रंग, ब्लीड, फोटो, पानांक, फर्म्यांचा हिशेब. ही ठोक. दुसरी अक्षरतपासणी, पानावर. तिसरीला ‘मशीन प्रूफ वाचन’ हेच नाव दिलंय, तासावर, आणि मांडवींसारखी दहा पानं आधी बघून. खाली ‘छापावे’ आणि सहीची जागा. चार जणांना पाठवलं. एकाने उत्तर दिलं नाही, एकाने फक्त पहिली ओळ घेतली, दोघांनी तिन्ही. उद्यम नोंदणीही झाली.

एक्सपीवर रोज सकाळी दोन तास. आतापर्यंत ६१ पुस्तकांच्या पीडीएफ निघाल्या. पहिलं पूर्ण रूपांतर १९९९ साली लावलेल्या एका शेतकरी बाईंच्या आठवणींचं केलं, त्यांच्या नातीला नवी आवृत्ती हवी आहे. मूळ पुस्तक २२४ पानं, चौदा फर्मे. युनिकोड फॉन्टात ओतलं तर २३८ झाली. नव्या फॉन्टात अक्षरं थोडी रुंद आणि वरच्या-खालच्या मात्रांना जागा जास्त. म्हणजे पंधरावा फर्मा आणि वर दोन कोरी पानं. अक्षर अर्ध्या पॉइंटाने कमी केलं तर म्हाताऱ्या वाचकांना त्रास, म्हणून ते ठेवलं. ओळींमधलं अंतर थोडं कमी केलं, प्रत्येक पानावर एक ओळ वाढवली, प्रकरणं नव्या उजव्या पानावर सुरू करण्याऐवजी पुढच्याच पानावर घेतली. २२४ वर आलं. जुन्या आणि नव्या आवृत्तीतली पानं शेजारी ठेवून रूपांतरातले बिघाड शोधले. रफार तीन ठिकाणी शेजारच्या अक्षरावर सरकला होता, ‘पार्वती’ची ‘पावर्ती’ झाली होती.

रानवारा, तुमचं म्हणणं डोक्यातून गेलेलं नाही. नातेवाइकांच्या शाळेत मुलांना इनडिझाइन शिकवायचं विचारलंय, आठवड्याला दोन दिवस. बहुतेक घेईन.

प्लेटरूम, ही फाइल तुमच्याकडे चाचणीला पाठवते आहे. रिप करून सांगाल का? पैसे पाठवते, दर सांगा.

प्लेटरूम | २२ जुलै, सकाळी ७:३०

ताई, फाइल बघितली. सगळा मजकूर एकट्या ब्लॅक प्लेटवर, ब्लीड चारही बाजूंना तीन मिमी, फर्मे चौदा. पान ११२ वरचा बैलगाडीचा फोटो तेवढा आरजीबी राहिलाय. शंभर रुपये धाडा, पावतीवर ‘तपासणी’ लिहितो.

पानोपानी | २२ जुलै, सकाळी ७:४२

पाठवले. फोटो बदलते, दहा मिनिटांत नवीन फाइल येईल.